मदत हवी आहे: तडीपार मित्र परत आलाय, वखारीची चावी मागतोय

नाव विचारू नका, सांगलीचाच आहे. मार्केट यार्डात एका अडत दुकानात कामाला आहे, हळदीचा काटा, पोत्यांची नोंद, पट्टी लिहिणं असलं सगळं. आधी काय करत होतो ते सांगत बसत नाही, राडे, वसुली, चॅप्टर केस पण झालती, म्हणजे नीट वागीन असा बाँड लिहून दिलाय, आणि त्या बाँडची मुदत अजून संपलेली नाही. शेठनी हे सगळं माहीत असून कामावर घेतलं आणि आता वखारीची एक चावी माझ्याकडंच असते.

तर माझा एक जुना मित्र आहे, जेल बघून आलेला, बाहेर आल्यावर थोड्याच दिवसात पोलिसांनी त्यांची सगळी टोळीच सांगली कोल्हापूर दोन्ही जिल्ह्यातनं 2 वर्षं तडीपार केली. मी तोवर बाजूला झालतो. आता हा गडी गुपचूप आलाय, रोज नवीन नंबरवरनं फोन करतो, म्हणतो आई मिरजेला ॲडमिट आहे, चार रात्री वखारीत झोपू दे आणि एक बॅग ठेवून घे, उघडू नको.

आई ॲडमिट आहे हे खरं आहे, मी स्वतः जाऊन बघून आलोय, लई खराब अवस्था आहे. पण आईला भेटायला बॅग कशाला लागती?

तुम्ही म्हणाल सरळ नाही म्हण. एवढं सोपं असतं तर इथं टायपत बसलो नसतो. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलतं तेव्हा आमच्या गल्लीत कोण आलं नाही, यानं माझ्या आजीला खांद्यावर घेऊन गळ्याएवढ्या पाण्यातनं बाहेर काढलं. आणि ज्या मॅटरमध्ये तो आत गेला त्यात त्यानं माझं नाव घेतलं नाही. फोनवर तो यातलं काहीच काढत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो. पोलिसांना टीप देणं माझ्याच्यानं होणार नाही आणि चावी पण द्यायची नाही, मग करू काय कळंना झालंय. आणि तो माझ्याकडं सापडला तर माझ्या बाँडचं काय होईल?

प्रतिसाद: भावा पहिलं ते नाव घेतलं नाही वालं वाक्य उडव, असलं ओपनमध्ये लिहित्यात का. तडीपार माणूस परवानगीशिवाय हद्दीत आला की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 142 खाली नवीन गुन्हा, बाकी काही केलं नसलं तरी. बाँड मोडला असं ठरलं तर तुझी रक्कम जप्त. पण लेखी परवानगी घेऊन तात्पुरतं येता येतं. हॉस्पिटलचे कागद लावून अर्ज करायला सांग, वकिलाला पैसे नसतील तर विजयनगरला कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, 15100 वर फोन केला तरी चालतो.

प्रतिसाद: मी वखारवालाच आहे म्हणून सांगतो. हंगामात आत लाखोंचा माल असतो आणि तो तुमचा नाही. तुमच्या आजीचं देणं तुम्ही शेठच्या मालातनं कसं फेडणार? त्याच्या आईजवळ रात्रीचं बसा, डबा पोचवा, औषधं आणा, तिथनं व्हिडिओ कॉल लावून द्या. बॅगेला हात लावू नका. शेठना आजच सांगा.

धागाकर्ता: डबा कालपासनं चालू केलाय. ते वाक्य एडिट होईना, ॲडमिन बघा जरा. शेठना सांगायचं म्हणजे तो सांगलीत आहे हे पण सांगावं लागणार ना, का नुसतं चावी तुमच्याकडं ठेवा म्हणू? आणि अर्ज त्याच्या वतीनं बहिणीनं दिला तर चालतो का, ती तासगावला असते. कुणाला अनुभव असेल तर सांगा, आज रात्री परत फोन येणार आहे.