मदत हवी आहे: माहीमचा उरूस आणि पोलिसांचा संदल

नमस्कार मंडळी, यंदा डिसेंबरमध्ये आईला माहीमच्या मखदूम अली माहिमी बाबांच्या उरुसाला न्यायचंय. तिच्या मनात हे कधीपासून आहे, पण गुडघ्यांमुळे तिला गर्दीत फार वेळ उभं राहवत नाही.

बाबा (१३७२–१४३१) म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरचे थोर विद्वान. त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं. मला सगळ्यात भावतो तो पोलिसांचा मान: पहिला संदल (दर्ग्यावर चढवायचं चंदन आणि चादर घेऊन निघणारी मिरवणूक) माहीम पोलीस ठाण्यातून वाजतगाजत निघतो आणि खाकी वर्दीतले अधिकारी स्वतः चादर चढवतात. इतक्या वर्षांची ही रीत आईला डोळ्यांनी बघायचीय. जत्रा दहा दिवस चालते, दर्शन नंतरही होईल, पण पोलिसांचा संदल पहिल्याच दिवशी.

माहीमकरांनी कृपया सांगा, पोलिसांचा संदल साधारण किती वाजता निघतो? वाटेत म्हाताऱ्या माणसाला बसून बघता येईल अशी जागा आहे का? बायकांना कुठपर्यंत जाऊ देतात? आणि पोलिसांना हा मान कसा मिळाला, याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांकडून काही ऐकलं असेल तर तेही जरूर लिहा, आईला वाचून दाखवेन.