बिनपगारी इंटर्नचा गेम: मारामारी न जमणाऱ्याने घ्यावा का?

जुळेसोलापूरकर:
'गोइंग अंडर' कुणी खेळलंय का बे? २०२० चा, अ‍ॅग्रो क्रॅब स्टुडिओचा. आपण जॅकी, बिनपगारी इंटर्न. ऑफिसखाली बुडालेल्या स्टार्टअपची तळघरं, तिथले कर्मचारी राक्षस झालेत. मी होटगी रोडला एका ठिकाणी सहा महिने 'शिकाऊ' होतो. स्टायपेंड कायम पुढच्या महिन्यात. मार्केटिंगला म्हणून घेतलं आणि साहेबांच्या पोराच्या लग्नपत्रिका वाटायला लावल्या, थेट अक्कलकोटपर्यंत, पेट्रोल माझं! ट्रेलर बघून जुनी जखम ठणकली. पण मारामारीत माझा हात कच्चा आहे. झेपेल का?

पूर्वभागातला:
सेटिंगमध्ये असिस्ट मोड आहे, त्याने गेम सोपा होतो, लाजू नको, चालू कर. हाताला येईल ते हत्यार: खुर्ची, कीबोर्ड. चार फटक्यांत मोडतं, मग दुसरं शोध. जॉब्लिन नावाच्या तळघरातले गॉब्लिन राक्षस म्हणजे कंत्राटी कामगार, स्टिक्सकॉइन नावाच्या तळघरात सांगाडे क्रिप्टो खणतात.

शेंगाचटणी:
आरपीजी, म्हणजे पात्र वाढवत लांब गोष्ट खेळायचा गेम, समजून घेऊ नको हं. हा रोगलाइट. मेलास की परत ऑफिसात, पहिल्यापासून. संवाद मात्र झकास, फक्त इंग्रजी जरा स्टार्टअपवाल्यांचं आहे.

जुळेसोलापूरकर:
मेलो तरी परत ऑफिसात? मग सवय आहे की! घेतला काल रात्री. दोन वाजेपर्यंत जागलो, अकरा वेळा मेलो. आई उठून म्हणाली, "खुर्च्या कुणाला मारतोयस रे?" साहेबाचं नाव सांगितलं, तर म्हणाली, "मार अजून एक."