व्हिलिन, रीव्ह, मिलर : १३८१ च्या गावकऱ्यांना मराठीत काय म्हणायचं?

पानगळ :
एका ऐतिहासिक कादंबरीचा अनुवाद करतेय. इंग्लंड, १३८१ चा शेतकऱ्यांचा उठाव. राजा दुसरा रिचर्ड तेव्हा चौदा वर्षांचा पोर, आणि कादंबरीत तो ओझरताच दिसतो. बाकी सगळी एसेक्स-केंटकडची गावकरी मंडळी. राजेरजवाड्यांसाठी मराठीत शब्दांची ददात नाही, साध्या माणसापाशी आलं की कोश हात वर करतो.

पहिलाच अडसर व्हिलिन. कोशात ‘भूदास’ आहे. अर्थ बरोबर, पण नांगरावरचा माणूस बायकोला “आपण भूदास” असं म्हणेल का? ‘गुलाम’ म्हणावं तर त्याच्याकडे कसायला जमीन आहे, घर आहे, जनावरं आहेत. फक्त धन्याला विचारल्याशिवाय गाव सोडता येत नाही, आणि धन्याच्या शेतात आठवड्यातले ठरलेले दिवस फुकट राबावं लागतं. ‘कूळ’ चालेल?

दफ्तरबंद :
कूळ नको. वाचकाच्या डोळ्यांपुढे १९४८ चा कूळकायदा, सातबारा आणि तलाठी उभे राहतील. शिवाय कुळाची ओळख खंडाने, याची ओळख फुकटच्या राबण्याने. त्या राबण्याला आपला शब्द आहेच : वेठ. निवेदनात एखाद्या वेळी ‘भूदास’ येऊ द्या, माणसांच्या तोंडी मात्र ‘वेठीचा माणूस’, ‘आपण वेठीचे’.

करांसाठी तर मराठेशाहीतले कागद सरळ उघडा. मुलीचं लग्न करायचं म्हणून व्हिलिन धन्याला जे पैसे मोजायचा (मर्चेट) त्याला ‘लग्नटका’ लिहा, या नावाचा कर आपल्याकडे होता. पोल टॅक्सला ‘डोईपट्टी’. ‘जिझिया’ मोह पडला तरी नको. तो शब्द धर्माचा वाद घेऊन येतो, आणि इथे घेणारे-देणारे सगळे एकाच चर्चमध्ये गुडघे टेकणारे. लोक पेटले ते रकमेवरून. १३७७ ला माणशी चार पेनी होती, १३८० अखेरच्या पट्टीत तीच एक शिलिंग (बारा पेनी) झाली, म्हणजे तिप्पट. वर पंधराच्या पुढच्या गरीब-श्रीमंत सगळ्यांना हिशेब एकच.

पानगळ :
डोईपट्टी घेतली. हेरियटचं काय? घरचा कर्ता मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर धन्याकडे जमा करायचं, ती पद्धत. ‘मृत्युपट्टी’ करू?

दफ्तरबंद :
अजिबात नको, नगरपालिकेची पावती वाटेल. “बाप गेला आणि पाठोपाठ गाय गेली” असं लिहा. प्रत्येक गोष्टीला नाम लागतंच असं नाही.

सांजवात :
रीव्हला ‘पाटील’ केलेलं मी एका अनुवादात पाहिलंय, तेवढं मात्र करू नका. पाटीलकी वतनाची, बापाकडून लेकाकडे येणारी. रीव्ह बहुतेक वेळा त्या वेठीच्या माणसांतलाच, धन्याच्या शेतावर कामं करून घ्यायला नेमलेला. ‘मुकादम’ बसेल. (जुन्या कागदांत मोकदम म्हणजे पाटीलच, हे मला माहीत आहे! पण आज मुकादम म्हटलं की ऊसतोडीची टोळी आठवते, आणि ती छटा इथे बरी.)

ओलं जळण :
माझा अनुभव असा की खरा घोळ मिलरपाशी होतो. आपल्याकडे दळण घरचं, पहाटेच्या जात्यावरचं. त्यामुळे दळून देणारा असा गावचा माणूस जुन्या मराठीत सापडत नाही. ‘गिरणीवाला’ म्हटलं की विजेची मोटर आणि पिठाने पांढरा झालेला बल्ब. ‘पाणचक्कीवाला’ त्यातल्या त्यात बरा, संभाजीनगरची पाणचक्की सगळ्यांना ठाऊक असते.

पण हा माणूस गावात का नकोसा असतो ते वाचकाला कळायला हवं. दळण धन्याच्याच चक्कीवर न्यायचं, पिठातला वाटा तिथे ठेवायचा, घरी दळायची बंदी. सेंट ऑल्बन्सला तर मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्डने लोकांची जाती जप्त करून मठाच्या दालनात फरशीसारखी बसवली होती. जवळजवळ पन्नास वर्षं लोक त्यांच्यावरून ये-जा करताना बघत राहिले. १३८१ च्या जूनमध्ये जमाव आत घुसला, त्यांनी ते दगड उखडले, फोडले आणि तुकडे आपसांत वाटून घेतले. चर्चमधला प्रसादाचा पाव वाटावा तसे. हा प्रसंग तुमच्या कादंबरीत असेल तर ‘हस्तचक्की’ लिहून मारू नका. जातंच लिहा. तळी, खुंटा, सगळं आपलंच आहे.

एकच सावधगिरी : ‘लोकांनी जाती फोडल्या’ हे वाक्य मराठीत भलतीकडे जाईल. ‘जात्याच्या तळ्या’ म्हणा.

पानगळ :
प्रसंग आहे! आणि माझ्या कच्च्या खर्ड्यात ‘हस्तचक्की’च आहे. आजच बदलते.

सांजवात :
जातीवरून आठवलं. १३७८ चं फ्लॉरेन्स, चॉम्पींचा उठाव. लोकर विंचरणारे, पिंजणारे मजूर. त्यांना स्वतःचं गिल्ड (कारागिरांचा संघ) काढायची मुभा नव्हती. त्यांना ‘पिंजारी’ म्हणावंसं वाटतं, पण पिंजारी ही आपल्याकडे जमात आहे आणि काम कापसाचं. कुंभार, लोहार, साळी हे शब्द असेच परदेशी गावात नेले की सोबत अख्खी बलुतेदारी जाते. मी ‘लोकर पिंजणारे’ असंच ठेवते. शिकणाऱ्याला ‘उमेदवार’ आणि जर्नीमनला (काम शिकून झालेला, पण दुसऱ्याकडे रोजावर राबणारा कारागीर) ‘रोजंदार’ मात्र चपखल. मुळात फ्रेंचमध्येही तो दिवसावरूनच आलाय.

दफ्तरबंद :
आणि कुणाच्या तोंडी ‘काळा मृत्यू’ घालू नका, ते नाव फार नंतरचं. १३४८ ची प्लेगची साथ आठवणारी म्हातारी ‘मोठी मरी’ म्हणेल.

पानगळ :
शेवटचं. उठावातला पाद्री जॉन बॉल, त्याच्या प्रवचनातली ती प्रसिद्ध जोडओळ मी अशी केलीय :

ॲडम खणी माती, ईव्ह काती सूत,
तेव्हा कोण होता उमरावाचा पूत?

ओलं जळण :
चाल झकास, जमावाला ओरडता येईल. पण ‘उमराव’ थेट दिल्ली दरबारातून आलाय.

पानगळ :
‘खानदानी पूत’?

दफ्तरबंद :
तोही फारसीच, आणि लय मोडते. उमराव राहू द्या. डोईपट्टी चालते तिथे उमरावाला कोण हाकलणार?