मदत हवी आहे: व्हॅनच्या हेडमधल्या मॅनिफोल्ड स्टडचे आटे गेलेत, पण ड्रिल सरळ जायला जागाच नाही

व्हॅनवाला सांगली:

राम राम मंडळी. सांगलीत शाळेच्या मुलांची ने-आण करतो. गाडी १.२ लिटरची पेट्रोल व्हॅन, इंजिन पुढच्या सीटखाली. धूर बाहेर नेणारं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) ज्या स्टडांनी, म्हणजे बिनडोक्याच्या बोल्टांनी, धरलेलं असतं, त्यातल्या सगळ्यात मागच्या स्टडचे हेडमधले आटे पार गेलेत. स्टड तुटलेला नाही, हातानं ओढला तरी बाहेर येतो. त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमचं वेटोळं अडकून आलंय. मागे गॅस्केट बदलताना एका गॅरेजमध्ये स्टड तिरका धरून पान्यानं रेटला होता, तेव्हापासून तो कधी नीट आवळलाच नाही.

इंजिन थंड असताना फट्‌फट् आवाज येतो, गरम झाल्यावर कमी होतो. म्हणून ओळखीचे म्हणतात, चालव तशीच. मला ते अजिबात पटत नाही. इंजिनचं झाकण गाडीच्या आत उघडतं आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वाससुद्धा नसतो. त्या सीटवर लोकांची लेकरं बसतात. गाडी उभी केलीय. मुलं सध्या मित्राच्या गाडीतून जातात, पण त्याच्यावर तरी किती भार टाकणार?

अडचण सगळी जागेची आहे. भोकासमोर बॉडीचा आडवा पट्टा येतो. मशीनला बिट लावलं की ते तिरकंच बसतं. एक मिस्त्री म्हणतात हेड उतरवा, टेबल ड्रिलवर करून देतो. म्हणजे टायमिंग खोलणं, हेड गॅस्केट, कूलंट, सगळंच आलं, तेही एका भोकासाठी. दुसरे म्हणतात १० चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून जाड स्टड घाला. पण मॅनिफोल्डचं भोक ८ च्या स्टडचं आहे आणि हेडला त्या बाजूला माल कमी दिसतो. इपॉक्सी पुट्टी भरायचा सल्लाही मिळाला. एक्झॉस्टच्या उष्णतेत ती टिकणार नाही, तो विषय तिथंच सोडला.

स्टड ८ मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५. तार घालून पाहिली, भोक साधारण २० मिमी खोल आहे, तळ बंद. हेड न उतरवता हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसेल का? आणि भोक सरळ राहील याची खात्री कशी करायची?

माधवनगरकर:

दादा, हेड उतरवा. खर्च होईल, पण काम एकदाच होईल. जाग्यावर ड्रिल मारून भोक वाकडं गेलं तर हेडच बदलावं लागतं.

कुपवाडचा फिटर:

माधवनगरकरांची भीती खरी आहे, पण हेड उतरवायच्या आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. तुमचे आटे आधीच निघून आलेत, म्हणजे भोक आत्ताच आठच्या जवळ मोठं झालंय. ८ च्या हेलिकॉइलला ८.३ चं बिट लागतं. काढायचा माल केसभर आहे. त्याला मशीन कशाला? बिटच्या दांड्याला चार पैलू घासा, टॅपच्या हँडलमध्ये धरा आणि हातानं फिरवा. अॅल्युमिनियम आरामात कापतं.

आता सरळपणा. तो नजरेवर सोडू नका, हेडच्या फेसवरून (मॅनिफोल्ड टेकतं त्या सपाट बाजूवरून) घ्या. लेथवाल्याकडून १२ मिमी जाड लोखंडी प्लेट करून घ्या, जुनं गॅस्केट नमुना म्हणून द्या. शेजारच्या दोन स्टडवर ती बसली पाहिजे. खराब भोकासमोर प्लेटमध्ये काढता-घालता येणारे दोन बुश (हत्यार सरळ धरणाऱ्या नळ्या) हवेत, एक ८.३ च्या बिटासाठी, दुसरा ९.७ चा टॅपसाठी. शेजारच्या स्टडची भोकं मात्र मिलिमीटरभर ढिली ठेवायला सांगा. आधी बुशमधून पायरीची (दोन जाडीची) पिन भोकात घालून प्लेट बरोबर मध्यावर आणायची, मग नट आवळायचे. फेस साफ असेल तर बिट दुसरीकडं जाऊच शकत नाही.

टॅप घेताना फसू नका. हेलिकॉइलचा टॅप वेगळा असतो. पिच तोच १.२५, पण बाहेरचा व्यास ९.६ च्या आसपास. नेहमीचा ८ चा टॅप चालणार नाही. तळ बंद आहे, म्हणून शेवटी तळापर्यंत आटे पाडणारा बॉटम टॅप लागेल. रॉकेल सोडत राहा, अर्धा फेरा पुढं, थोडा मागं. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, म्हणजे कीस त्यालाच चिकटून येतो. एक्झॉस्ट पोर्टमध्ये आधी कापडाचा बोळा घाला आणि काम झाल्यावर तो आठवणीनं काढा.

व्हॅनवाला सांगली:

काका, प्लेटची कल्पना एकदम पटली. दोन शंका आहेत. भोकाच्या तळापलीकडं पाण्याची वाट असली तर? आणि कॉइल किती लांबीची घेऊ?

कुपवाडचा फिटर:

भोक रुंद करायचंय, खोल नाही. तारेनं मोजलेल्या खोलीच्या थोडं अलीकडं बिटवर कॉलर (अडवणारी रिंग) लावा, तळाला धक्का लागणार नाही. १२ मिमीची कॉइल घ्या, म्हणजे स्टडच्या जाडीच्या दीडपट. ती फेसच्या पाव ते अर्धा आटा आत गेली पाहिजे, वर राहिली तर मॅनिफोल्ड नीट टेकणार नाही. कॉइल बसवताना धरायची खालची शेपटी नंतर तोडून नोजप्लायरनं बाहेर काढा, चुंबकावर भरवसा नको, ते स्टेनलेस आहे. जागा इतकी अडचणीची असताना बिनशेपटीची कॉइल मिळाली तर जास्त बरं, पण तिचं बसवायचं हत्यार वेगळं येतं.

स्टड नवा टाका. तो हेडमध्ये ताकद लावून आवळायचा नाही, हातानं बसला की पुरे. ताण नटनं द्यायचा, मॅन्युअलमधल्या टॉर्कनं. किट सांगली-मिरजेत नाही मिळालं तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात विचारा.

माधवनगरकर:

काका, अशी प्लेट मी पाहिली नव्हती. बुशची गोष्ट पटली, माझा हेड उतरवायचा आग्रह मागं घेतो. व्हॅनवाले दादा, मॅनिफोल्डचा फेसही सरळपट्टी लावून तपासा. एक कोपरा बरेच दिवस सुटलेला असला की तो वाकतो, मग नवं गॅस्केटही गळतं.

व्हॅनवाला सांगली:

दोघांचेही मनापासून आभार. गॅस्केट घेऊन लेथवाल्याकडं निघालोय, फेसही तिथंच तपासून घेतो. एकच विचारायचं राहिलं. मुलं बसवायच्या आधी लीक पूर्ण बंद झाल्याची खात्री कशी करू? कानावर सोडायची नाही मला.

कुपवाडचा फिटर:

इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात ब्लोअरची हवा सोडा, कडेनं कापड गुंडाळा आणि मॅनिफोल्डच्या जोडावर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे आले तर लीक आहे. काही दिवस गाडी चालवून नट थंड इंजिनवर पुन्हा तपासा, तेव्हाही हीच चाचणी करा.