थीम पार्क आणि मुलांची खाण्याची ॲलर्जी: तुम्ही कसं निभावता?

माझ्या लेकाला शेंगदाणा आणि काजूची ॲलर्जी आहे. थीम पार्कात जायचं म्हटलं की तो राइड्सची यादी करतो आणि मी खाण्याची. दिवसभर ऊन, पायपीट, रांगा, त्यात दर थोड्या वेळाने लागणारी भूक आणि जिकडेतिकडे गाड्या, स्टॉल, हातात खाऊ घेऊन फिरणारी माणसं. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी इथे सविस्तर लिहा: मुलाला काय खायला घालता, कुणाला विचारता, औषध कुठे ठेवता, काही झालंच तर काय केलंत. 'त्यापेक्षा जाऊच नका' हा सल्ला मात्र नको. या मुलांनीही मनसोक्त हुंदडावं असं मला वाटतं.

सुरुवात मीच करते. (पुढे मथळ्यांखाली इतरांची उत्तरं आहेत.)

काउंटरवर 'यात शेंगदाणे आहेत का?' असं विचारलं की 'नाही' असं उत्तर मिळतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण पदार्थात काय घातलंय एवढं कळून भागत नाही, तो कशात आणि कशाबरोबर शिजला हेही कळावं लागतं. बटाट्याच्या फ्राइजमध्ये बटाटा, तेल, मीठ एवढंच असेल, पण त्याच तेलात आधी दुसरं काही तळलेलं असू शकतं. म्हणून माझे प्रश्न ठरलेले आहेत. तळणीचं तेल वेगळं आहे का? चिमटा आणि भाजी-पाव कापायचा पाट वेगळे मिळतील का? हातमोजे बदलाल का? पावाचं पाकीट बघायला मिळेल का? काउंटरवरच्या मुलाला हे ठाऊक असेलच असं नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. मी सरळ 'शेफशी किंवा मॅनेजरशी बोलायचंय' म्हणते. मागच्या वेळी एक शेफबाई स्वतः बाहेर आल्या, पावाचं रिकामं पाकीट घेऊनच. त्यांनी एका बोटाने घटकांची ओळ धरली आणि आम्ही दोघींनी ती एकेक शब्द करत वाचली. मग त्यांनी नवे मोजे घातले, धुतलेला तवा घेतला, आणि झाकलेली ताटली दुसऱ्या कुणाच्या हाती न देता स्वतः आणून दिली. मला जेवण निवांत हवं तर असं हवं. आणि 'बहुतेक चालेल' असं उत्तर आलं, तर आम्ही तिथे खात नाही.

हे सगळं विचारायचं तर गर्दीच्या आधी जायला हवं. ऐन जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरातल्या कुणालाच तुमच्यासाठी थांबायला फुरसत नसते.

दूध आणि अंडं, लेक सहा वर्षांची

दुधाच्या ॲलर्जीत लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ 'लॅक्टोज-फ्री' या शब्दाने होतो. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ती न पचणं हा वेगळा त्रास. आमच्या मुलीला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे आणि लॅक्टोज-फ्री दुधात ती जशीच्या तशी असतात. स्टॉलवर कुणी मायेने 'हे घ्या, लॅक्टोज-फ्री आहे' म्हणून पुढे केलं की मी शांतपणे समजावते आणि नको म्हणते. 'व्हीगन' लिहिलेल्या पदार्थाचंही तसंच. कृतीत दूध नसतं, पण तो बनतो कुठे ते विचारावंच लागतं.

आइस्क्रीमच्या गाडीवर मी आधी स्कूप बघते. सगळ्या चवींना एकच स्कूप आणि तो बुडवायला एकच पाण्याचं भांडं, त्यात पांढुरकं पाणी. तिथे फळांचं सॉर्बेसुद्धा आमच्या कामाचं नाही. बंद पाकिटातली, घटक छापलेली बर्फाची कांडी मिळाली तर तीच घेतो. लेकही आता आधी पाकीट उलटं करून माझ्यापुढे धरते.

पेन कुठे ठेवायचं (शेंगदाणा, मुलगा आठ वर्षांचा)

मी बाबा. खाण्याबद्दल वर छान आलंच आहे, म्हणून फक्त ॲड्रेनालिनच्या पेनबद्दल लिहितो, म्हणजे ॲलर्जीचा गंभीर झटका आला तर मांडीत लगेच द्यायच्या तयार इंजेक्शनबद्दल.

बऱ्याच राइड्सवर बॅग नेऊ देत नाहीत, ती लॉकरमध्ये ठेवायला लावतात. लॉकर एका टोकाला आणि मूल दुसऱ्या टोकाला, हे मला मान्य नाही. आमची दोन्ही पेनं कमरेच्या छोट्या पाऊचमध्ये असतात आणि तो पाऊच मुलाबरोबर असलेल्या मोठ्या माणसाच्या कमरेला असतो. राइडवर तोही नेता येत नसेल, तर आमच्यातलं एक जण पाऊच घेऊन उतरायच्या दारापाशी उभं राहतं. एक पेन पुरेलच असं नसतं, म्हणून कायम दोन.

दुसरं म्हणजे ऊन. हे औषध साधारण २० ते २५ अंश तापमानात ठेवायचं असतं. बंद गाडीत किंवा भर उन्हातल्या बाबागाडीच्या खणात ते खराब होतं. आम्ही उष्णतारोधक पाऊच वापरतो. बर्फाला मात्र थेट चिकटवून ठेवायचं नाही, गोठलेलंही चालत नाही. निघायच्या आधी मी पेनची खिडकी उजेडात धरून बघतो: द्रव स्वच्छ हवा. गढूळ किंवा तपकिरी दिसला तर नवं पेन.

आम्हाला पेन वापरावं लागलं (तीळ, मुलगी नऊ वर्षांची)

हे लिहिताना अजून हात थरथरतो, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. तीळ नसलेला पाव आम्ही विचारून घेतला होता. सोबतच्या सॉसची बाटली मात्र त्या दिवशी वेगळी होती आणि ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. दोन घास झाले असतील. लेक म्हणाली, "आई, घशात काहीतरी टोचतंय." मग मानेवर गांधी उठल्या, खोकला सुरू झाला, आणि एरवी अखंड बडबडणारी पोर एकदम गप्प झाली.

नवऱ्याने पेन काढलं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पँटवरूनच दिलं. पँट काढत बसायची गरज नसते. ॲलर्जीची गोळी आमच्याकडे होती, पण ती खाजेवर आणि गांधींवर काम करते. श्वास अडकायला लागला की तिच्यावर विसंबायचं नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला पुन:पुन्हा बजावलं होतं. तिला आडवं करून पाय उंच ठेवले. (धाप जास्त असेल तर बसू द्यायचं, पण उठवून चालवायचं नाही.) मी रुग्णवाहिकेला फोन केला, एका कर्मचाऱ्याने प्रथमोपचार केंद्रातल्या लोकांना बोलावलं. दुसरं पेन हातात तयार होतं, कारण ५ ते १५ मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा द्यावं लागतं. आम्हाला ते लागलं नाही.

बरं वाटायला लागल्यावर लेक 'परत राइडवर जाऊया' म्हणत होती, पण आम्ही रुग्णालयात गेलोच. पहिली लाट ओसरल्यावर काही तासांनी दुसरी येऊ शकते, म्हणून तिथे लक्ष ठेवतात. तेव्हापासून पार्कात शिरल्या शिरल्या नकाशावर प्रथमोपचार केंद्र शोधतो आणि सॉस आमचा आम्ही नेतो.

छोटीशी भर

सॅनिटायझरने शेंगदाण्याचं प्रथिन हातावरून जात नाही. साबण-पाणी नाहीतर ओले वाइप्स हवेत. राइडचे दांडे धरून झाल्यावर, काहीही तोंडात घालायच्या आधी हात धुवायचे. टेबलही आम्ही स्वतः पुसतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

नियम सगळीकडे सारखे नसतात. युरोपीय संघात १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे आणि तो नियम रेस्टॉरंटमधल्या सुट्या खाण्यालाही लागू होतो. अमेरिकेत पाकीटबंद अन्नाच्या लेबलवर ९ मुख्य घटक सांगावे लागतात, त्यात तीळ २०२३ पासून आला. 'यात अमुक घटकाचे अंश असू शकतात' हे वाक्य मात्र दोन्हीकडे ऐच्छिक आहे. ते छापलं नाही म्हणजे धोका नाही, असं धरून चालू नका. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांमध्ये बऱ्याच रेस्टॉरंटांत ॲलर्जीसाठी वेगळा मेनू मागता येतो. तरी ऑर्डर देताना ॲलर्जी पुन्हा सांगायचीच. आणि तिथल्या भाषेत ॲलर्जी लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा, ते थेट स्वयंपाकघरात देता येतं.

मी स्वतः ॲलर्जीवाली, आता कॉलेजात

लहानपणी मला खाऊ मिळत नाही याचं फार वाईट वाटायचं नाही. सगळे जण खायचे थांबून माझ्याकडे बघत राहायचे, त्याने मात्र रडू यायचं. आईबाबा हुशार होते. पार्कला आधीच ईमेल करून, फोन करून कुठे काय मिळेल ते ठरवून ठेवायचे, म्हणजे तिथे मला बाजूला उभं करून चर्चा व्हायची नाही. माझा डबाही सगळ्यांबरोबर त्याच टेबलावर उघडायचा. हळूहळू काउंटरवर प्रश्न विचारायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. बाबा मागे उभे राहायचे.

आता मैत्रिणींबरोबर जाते. या वयात 'एक घास खाऊन बघते' म्हणायचा मोह खरंच होतो, आणि जिवावर बेतण्याचा धोकाही याच वयात जास्त असतो. म्हणून आत शिरायच्या आधी मी दोघींना तरी पेन कुठे आहे ते दाखवते आणि सरावाच्या पेनने (त्यात सुई आणि औषध नसतं) कसं द्यायचं ते करून घेते. त्या मनापासून शिकतात. तुमच्या मुलांच्या मित्रांनाही शिकवा.

डबा आत नेऊ देतात का?

कुणीतरी हे विचारलं होतं. बाहेरचं खाणं बंद असलेल्या पार्कांतही वैद्यकीय कारणासाठी सवलत असू शकते. जाण्याआधी लेखी विचारून घ्या, उत्तराची प्रत आणि डॉक्टरांचं पत्र बरोबर ठेवा. पत्रात पेनचाही उल्लेख असू द्या, म्हणजे दारावरच्या तपासणीत अडत नाही.