मनाली ते लेह सायकलवर: ठाण्यात राहून तयारी कशी करावी?

घोडबंदरकर: नमस्कार मंडळी. सप्टेंबरात मित्राबरोबर मनालीहून लेहला सायकलने जायचा बेत आहे. मागे गाडी नाही, सामान पॅनियरमध्ये (सायकलला लटकवायच्या पिशव्या), तंबू सोबत. सराव म्हणजे रविवारी येऊरचा चढ आणि अधूनमधून माळशेज. दोन गोष्टी सांगा. थंडीचे कपडे किती न्यावेत? (ठाण्यात स्वेटर कपाटाबाहेर येतोच कुठे!) आणि उंचीवरच्या विरळ हवेचा सराव इथे काही होतो का?

चढउतार: नाही होत. पायांचा होतो, तो चालू ठेवा. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, मनालीच त्याहून वर आणि वाटेतली ‘टांगलांग ला’ ही खिंड ५३०० च्या पुढे. त्यामुळे रोज किती किलोमीटर मारायचे याचा हिशोब नंतर करा, आधी झोपायचं कुठे ते ठरवा. ३००० मीटरच्या वर गेलात की रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नसावा. वाटेवरचे मुक्काम बघा: जिस्पा साधारण ३२००, सरचू ४३०० च्या आसपास. पाय दमदार असलेला माणूस हे एका दिवसात मारून नेतो आणि रात्री तंबूत डोकं धरून बसतो. जिस्पात दोन रात्री काढा. मधल्या दिवशी रिकाम्या सायकलने दारचाच्या पुढे चढून परत खाली झोपायला या. मग पटसेओच्या आसपास एक मुक्काम, आणि नंतरच बारालाचाची खिंड.

पामबीचवाली: कपड्यांचं मी सांगते. चढताना थंडी फार वाजत नाही, घामच येतो. खरी थंडी उतारावर. खिंडीत पोचलात की आधी आतला ओला कपडा बदला, वर वारा अडवणारं जॅकेट चढवा, फोटोबिटो नंतर. सुती टीशर्ट घरीच ठेवा, भिजला की वाळत नाही. हातमोज्यांवर पैसे वाचवू नका. लांब उताराला ब्रेक धरून धरून बोटं अशी बधिरतात की लिव्हर दाबला की नुसताच धरलाय तेच कळत नाही. दुकानातच मोजे घालून ब्रेक दाबून बघा. फार जाडही कामाचे नाहीत. रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो म्हणजे बुचाकडे पाणी राहतं. पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये.

घोडबंदरकर: धन्यवाद ताई, बाटलीचं डोक्यातच आलं नसतं. रस्त्यावर नाले आडवे येतात म्हणे?

चढउतार: येतात. दिवसभर बर्फ वितळून दुपारनंतर पाणी वाढतं, म्हणून सकाळीच ओलांडायचे. सप्टेंबरात जोर कमी असतो. सँडल घालून उतरा, बूट-मोजे कोरडे ठेवा. आणि गिअर बघून घ्या: पुढची सगळ्यात लहान चकती मागच्या सगळ्यात मोठीपेक्षा लहान हवी. सामानासकट गाटा लूप्सची २१ वळणं चढताना आठवण काढाल.

कळव्याचे काका: डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) कोणी सांगितली म्हणून खिशात टाकू नका. आधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर नक्कीच. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर त्या दिवशी वर चढायचं नाही. चालताना झोक जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो की पाऊस, ट्रक थांबवून खाली. सायकल ढाब्यावर राहिली तरी चालेल. आणि दोघांनी घरूनच ठरवा, की ज्याला त्रास होतोय त्याचं मत धरायचं नाही. तो 'मी ठीक आहे' असंच म्हणणार.

घोडबंदरकर: काका, मित्राला हे शब्दशः पाठवलंय. मुक्काम बदलले, दोन दिवस वाढले, रजेचा अर्ज पुन्हा टाकतो.

पामबीचवाली: पोस्टपेड सिम घ्या, आपल्याकडचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. जिस्पा सोडलं की तसंही बराच काळ रेंज नसते. घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर आईचे फोन आमच्याकडे येतील.