गाडगीळ आणि जिल्ह्याची लीड बँक

‘विद्यापीठातून सरकारात आणि तिथून बँकांच्या समित्यांवर फिरणारा अर्थतज्ज्ञ शेवटी कुठलाच राहत नाही’, असं एक मत मांडलं जातं; ते मला पटत नाही. धनंजयराव गाडगीळांचंच बघा. १९३० पासून साडेतीन दशकं पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक, नंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. मधल्या काळात विठ्ठलराव विख्यांच्या जोडीने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचे पहिले अध्यक्षही गाडगीळच.

केंद्राची योजना-मदत राज्यांत वाटण्याच्या गाडगीळ सूत्राचा उल्लेख नेहमी होतो, पण आपल्या रोजच्या जगण्याशी जोडलेली गोष्ट मागे राहते. बँकांनी जिल्हा हा घटक धरून कर्जाचं नियोजन करावं, अशी शिफारस त्यांच्या अभ्यासगटाने १९६९ मध्ये केली. त्याच वर्षी डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने लीड बँक योजना आणली, म्हणजे जिल्ह्याच्या कर्जनियोजनात पुढाकार एका ठरावीक बँकेकडे. कोल्हापूरची लीड बँक बँक ऑफ इंडिया. शेतीला किती कर्ज, लघुउद्योगाला किती, हा जिल्ह्याचा वार्षिक पतआराखडा तीच करते. आमच्या करवीर तालुक्यातले ऊसकरी पीककर्जासाठी सेवा सोसायटीत जातात, तेव्हा तो आकडाही याच आराखड्यात धरलेला असतो. कारखान्याच्या संचालक मंडळात बसलेल्या माणसालाच हे सुचू शकतं, असं माझं ठाम मत आहे.